मी पळून जाणार नव्हतो, साहेब : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी कराड तालुक्यातला, वय ६६, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला. आपला वेळ मोलाचा, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. तीन मागण्या, खाली सही, विषय संपला. पण परवा रात्री मोबाइलवर आठ दिवसांची नात बघितली आणि थोडक्यात लिहायचं राहूनच गेलं.

नात युरोपात आहे. कुठल्या देशात ते सांगत नाही. लेक-जावयाचं राहण्याचं परमिट तोच देश देतो, उगाच म्हाताऱ्याच्या तोंडापायी पोरांच्या पोटावर पाय नको. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर सगळीकडे फिरता येतं अशा २९ देशांच्या गटापैकी एक, एवढं पुरे.

आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच फायलीतून, एकाच लेकीच्या निमंत्रणावर व्हिसाचा अर्ज केला. सौ.ला ९० दिवस मिळाले. मला नकार आला. नकाराचा छापील कागद असतो, त्यावर कारणांची यादी आणि त्यातल्या एका चौकटीत खूण. माझ्या खुणेपुढचं वाक्य मराठीत सांगायचं तर असं : मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल की नाही, याबद्दल वाजवी शंका आहे.

म्हणजे मी पळून जाणार. बायको ९० दिवसांनी कराडला येणार आणि मी गुडघ्याला पट्टा बांधून तिकडे बर्फात कुठंतरी दडी मारून बसणार. माझं घर, तीस गुंठे जमीन, मोतीबिंदूच्या दुसऱ्या डोळ्याची ठरलेली तारीख, सगळं सोडून.

साहेब, २०२२ मध्ये नातवाच्या वेळी आम्ही दोघं तिथं जाऊन आलोय. ९० दिवसांचा व्हिसा होता, ८६ व्या दिवशी मुंबईला उतरलो. पासपोर्टवर जातानाचा आणि येतानाचा शिक्का आहे. त्या वेळी लेकीचं सिझेरियन झालं होतं, टाके पिकले होते, ती दारात उभी राहून रडत होती. तरी आलो, कारण नियम म्हणजे नियम. तीस वर्षं फलाटावर उभं राहून गाड्या वेळेवर सोडल्यात मी. चार दिवस आधी परत येणाऱ्याबद्दल वाजवी शंका, मग गैरवाजवी कशाला म्हणायचं?

आता हा ९० चा घोळ सांगतो, कारण आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं की दोन वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणजे दोन वर्षं राहता येतं. तसं नाही. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, त्यापुढे एक दिवस नाही. पोचल्याचा दिवसही धरायचा आणि निघाल्याचाही. आणि ते १८० दिवस जानेवारीपासून मोजायचे नाहीत, तर ज्या दिवशी तुम्ही तिथं आहात त्या दिवसापासून मागे मोजायचे, आणि असं रोज. २९ देशांचा हिशोब एकच, त्यामुळे शेजारच्या देशात चार दिवस जाऊन आलं म्हणून मीटर शून्यावर येत नाही. माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलंय, त्यावर सौ. तिथं पोचली त्या २० जानेवारीपासून मी रोज लाल पेन्सिलीनं गोल काढतो. ९० वा गोल १९ एप्रिलवर येतो. आता ते शिक्केही जाणार म्हणे. ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे विमानतळांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी यंत्रं बसवायला लागलेत. यंत्राला बाळंतीण कळत नाही.

९० दिवसांपुढे राहायचं तर राष्ट्रीय दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो, त्याला डी टाइप म्हणतात. त्याचे नियम ज्या त्या देशाचे. शिकायला जा, नोकरीला जा, नवरा-बायको असाल तर जा. मोठ्या झालेल्या मुलीचे आई-बाप? त्यांच्यासाठी लेकीच्या देशात जवळजवळ काहीच नाही, फार हलाखी सिद्ध केली तरच. आणि हलाखी सिद्ध केली की हा माणूस परत जाणार नाही म्हणून संशय. दोन्हीकडून मार.

कॅनडात असं नाही. आमच्या मित्राचा मुलगा तिथं आहे. आई-वडिलांसाठी त्यांचा सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. निदान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो, मुलाची कमाई दाखवावी लागते, सोपं काहीच नाही. पण निदान दार आहे. करायचं म्हटलं तर करता येतं, एवढंच मला सांगायचंय.

आणि आपण काय करतो? लेकीच्या ऑफिसातली एक मैत्रीण मागच्या हिवाळ्यात हंपी, गोवा, अजिंठा करून गेली. घरच्या सोफ्यावर बसून ई-व्हिसा काढला, वर्षभराचा. कुठं रांग नाही, कुणी तिला विचारलं नाही की बाई, तुझी तीस गुंठे जमीन आहे का. अतिथी देवो भव. आम्ही अतिथी झालो की मात्र सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट.

त्या बँक स्टेटमेंटवरच बहुतेक गाडी अडली. तीन वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्न जोडा म्हणाले. माझं उत्पन्न करपात्रच नाही, रिटर्न कुठलं? एजंट म्हणाला, शून्याचं भरा. भरलं. मग पेन्शनची स्लिप. साहेब, माझी पेन्शन महिन्याला २,८४० रुपये आहे. वाचताना एखादं शून्य राहिलं असं वाटेल, पण राहिलेलं नाही. ईपीएस ९५, म्हणजे पीएफवाल्यांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतले आम्ही. किमान पेन्शन हजार रुपये केली २०१४ साली, ती अजून हजारच आहे. ऐन दिवाळीत स्वतःचं घर सोडून लोकांना त्यांच्या घरी पोचवलं, त्याचे २,८४०. व्हिसा केंद्राच्या खिडकीतल्या मुलीनं स्लिप बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'ही एका दिवसाची का?' चेष्टा करत नव्हती ती, खरंच विचारत होती.

म्हणजे इकडच्या सरकारनं मला कंगाल ठेवायचं आणि तिकडच्या सरकारनं कंगाल म्हणून हाकलायचं. हे खातं आपलं नाही, मला ठाऊक आहे. सामान्य माणसाचं काम नेहमी दुसऱ्याच खात्यात असतं.

कागदांचीही एक तऱ्हा सांगतो. लेकीचा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, हाताने लिहिलेला, त्यावर आईचं नाव सासरचं. सौ.च्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव माहेरचं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात, तसं मीही १९८८ साली लिहिलं. त्या वेळी कुणाला ठाऊक, की एक दिवस त्या तांदळाचा पुरावा मागतील. मग भाषांतर, प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल. पुण्याला तीन खेपा. त्यात त्या व्हिसा केंद्रात एसएमएसचे वेगळे पैसे, कुरिअरचे वेगळे, आणि जास्त मोजले तर गादीच्या खुर्चीवर बसायची सोय. एसटीत आम्ही लगेजचं तिकीट फाडायचो तेव्हा लोक शिव्या द्यायचे.

व्हिसाची फी ९० युरो. जून २०२४ पर्यंत ८० होती. नकार आला तर परत मिळत नाही. पेपरात वाचलं, २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी ११ लाखांवर अर्ज गेले आणि त्यातले १ लाख ६५ हजारांच्या आसपास नाकारले गेले. मी हिशोब मांडला. सरसकट ९० युरो आणि युरोला ९० रुपये धरले तर १३३ कोटी होतात. काहींनी ८० च भरले असतील, लहान पोरांना सवलत असेल, दहा-वीस कोटी इकडे तिकडे, भांडायला येऊ नका. पण 'नाही' हा एक शब्द ऐकायचे एवढे पैसे आम्ही एका वर्षात दिले. एवढ्यात किती नव्या लालपऱ्या आल्या असत्या, त्याचाही हिशोब मांडणार होतो. सौ. नाही घरी, नाहीतर तिनं पेन्सिल काढून घेतली असती.

आता मुद्दा. आपल्या सरकारनं परदेशांशी येण्या-जाण्याचे करार केलेत, मी नीट वाचलंय. फ्रान्सशी २०१८, जर्मनीशी २०२२, ऑस्ट्रिया आणि इटलीशी २०२३. जर्मनीनं तर २०२४ मध्ये जाहीर केलं की कुशल भारतीयांना वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देऊ. त्या दिवशी टीव्हीवर टाळ्या वाजल्या. ९० हजार पोरं जाणार म्हणजे मागे एक लाख ऐंशी हजार आई-बाप राहणार, हे कुणी मोजलं का? त्या करारांबद्दल जेवढं छापून आलं त्यात विद्यार्थी आहेत, इंजिनिअर आहेत, बेकायदा राहणाऱ्यांना परत कसं धाडायचं तेही आहे. आई-बाप हा शब्द मला कुठं दिसला नाही. त्यांना आमची पोरं हवीत, वाढवून, शिकवून, दात-बित काढून तयार. ती ज्यांनी वाढवली ते नकोत. त्यांचं मी समजू शकतो, ते परके. पण टेबलाच्या अलीकडच्या बाजूला तर आपली माणसं बसली होती ना?

२०२४ च्या निवडणुकीत आमच्या गावच्या देवळासमोर एक उमेदवार सांगून गेले, भारताच्या पासपोर्टला आता जगात मान आहे. कोण ते विचारू नका, सगळेच तसं म्हणत होते. मीही टाळ्या वाजवल्या. तो पासपोर्ट आता कपाटात आहे, सोबत तो खुणेचा कागद. अपील करता येतं, पण ते त्या देशाच्या कायद्यानं. लेक म्हणाली, 'बाबा, वकील करते.' मी म्हटलं, बाळंतपणात कोर्ट नको. सरकारच्या एका तक्रार पोर्टलवर लिहिलं, तर चौथ्या दिवशी उत्तर आलं : व्हिसा देणे हा संबंधित देशाचा सार्वभौम अधिकार आहे, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सार्वभौम शब्द मी शाळेत पाठ केला होता. तो आमच्याही देशाला लागू होतो अशी समजूत होती.

तर सौ. एकटी गेली. ६१ वर्षांची बाई, पुण्याच्या पुढे कधी एकटी गेलेली नाही. मधे विमान बदलायचं होतं. मी चिठ्ठ्या लिहून दिल्या, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी : माझे पुढचे विमान कुठे लागेल? पहाटे अडीचला तिनं तिथल्या फळ्याचा फोटो पाठवला. मी चष्मा लावून बघतो तर गेट बदललेलं. म्हटलं, 'फलाट बदललाय, पाट्या बघत डावीकडे चालत राहा, घाबरू नकोस.' आयुष्यभर पेशानं केलं तेच केलं, फक्त प्रवासी घरचा होता. ती आत बसल्याचा मेसेज येईस्तोवर माझे हात कापत होते.

जायच्या आदल्या रात्री बॅगेतून तुपाची बरणी काढली. तिकडे बाहेरून दूध-दुभतं न्यायला बंदी आहे. डिंक, खारीक, अळीव ठेवले. लाडू तिथं जाऊन तिथल्या लोण्याचं तूप कढवून केले म्हणे, चांगले झाले. इकडचं तूप मी पोळीला लावून संपवतोय.

मागण्या लिहितो, नाहीतर राहून जातील. पुढचा कुठलाही करार करताना त्यात आई-वडिलांचं एक कलम टाका, बाळंतपणासाठी आणि आजारपणासाठी ९० च्या पुढे राहता येईल असं. नकाराच्या कागदावर नुसती खूण नको, कारण लिहून द्यायला सांगा आणि एकदा वेळेत परत आलेल्या माणसाचे शिक्के मोजायला सांगा. तिसरी पेन्शनची आहे, ती आपल्या खात्याची नाही, तरी मंत्रिमंडळात शेजारी कोण बसतं त्यांना चिमटा काढा.

१९ एप्रिलला सौ.चे दिवस भरतात. १८ ला विमान आहे, एक दिवस हातचा राखलाय. बाळ तेव्हा दोन महिन्यांचंही नसेल. मी आदल्या रात्रीच्या एसटीनं मुंबईला जाणार, निवृत्त कर्मचाऱ्याच्या पासवर. त्याआधी उत्तर आलं तर तिला गाडीत वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
ता. कराड, जि. सातारा