बाबा, बीपीचा तक्ता आता मला पाठवू नका

आई, बाबा,

फोनवर "जेवली का, झोपली का" यातच माझा ब्रेक संपतो आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून आज लिहून राहिले. बाबा, आधी पूर्ण वाचा आणि मग फोन करा, मधेच नको.

तर मी आता जेआर टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर झाले. बाबांनी सगळ्या गल्लीत सांगितलं म्हणे की पोरगी एक वर्ष पुढे सरकली. सरकली खरी, पण हे पाचवीतून सहावीत गेल्यासारखं नाही. जेआर वन असताना सगळ्यांची सॅम्पल्स, रिपोर्ट ट्रेस करणं, सिटी स्कॅनला पेशंटसोबत जाणं, ब्लड बँकेच्या चकरा, फाइली, डिस्चार्ज कार्ड, आणि सकाळी राउंडला सर विचारतील त्या पेशंटचं क्रिएटिनिन तोंडपाठ पाहिजे. काम गाढवासारखं होतं, पण अडलं की जेआर टूला फोन लावायचा आणि मोकळं व्हायचं. आता तो फोन माझ्या खिशात वाजतो. रात्री ३ ला नवीन पोरगा घाबरून विचारतो, "मॅडम, सॅच्युरेशन पडून राहिलं, काय करू?" आणि अजूनही पहिल्या सेकंदाला मला वाटतं की हा मॅडम कोणाला म्हणून राहिला.

एक केस सांगते, बाबांनी तर नीटच वाचा. यवतमाळकडचे एक काका आले, वय बाबांएवढंच, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेली. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, अंग घामानं चिंब. अशा पेशंटला ऍट्रोपिन नावाचं औषध द्यायचं असतं, दर काही मिनिटांनी बघत बघत डोस वाढवायचा, छाती साफ होईपर्यंत आणि घाम आटेपर्यंत. आमचा जेआर वन टॉर्च घेऊन सारखा बाहुल्याच बघत होता, त्या मोठ्या होत नाहीत म्हणून आणखीन आणखीन घाबरत होता. मी म्हटलं, बाहुल्यांच्या मागे लागू नको, त्यांना वेळ लागतो, तू छातीला स्टेथो लाव आणि काखेत हात घाल. त्यानं ग्लोव्ह घातलेला हात काखेत घातला आणि म्हणाला, ओलीच आहे मॅडम. मग अजून एक डोस, मग अजून एक. काख कोरडी लागली आणि घरघर थांबली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आता डोस आणखीन चढवायचा नाही, जास्त झालं तर ताप चढतो, पेशंट बडबड करायला लागतो, हेही लगेच सांगून टाकलं. हे सगळं मला माझ्या सीनियरनं जवळपास याच शब्दांत शिकवलं होतं, आणि तेव्हा मला वाटायचं यांना हे जन्मतःच येत असेल.

बाहेर काकू बसल्या होत्या, कोणी तरी दिलेला चहा हातात तसाच. "वाचतील का हो?" जेआर वन असताना मी म्हणायचे की मोठे डॉक्टर येऊन सांगतील. आता मलाच उभं राहून सांगावं लागलं की काकू, आजचं निभावलं, पण पुढचे दोन-चार दिवस धोक्याचे आहेत, श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, मशीन लावावी लागू शकते. "वाचतील" म्हणायचा मोह फार होतो आणि ते म्हणायचं नसतं. काकूंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "मग सिस्टर, डॉक्टर कधी येतात?" काय बोलणार बाप्पा! आता ते काका वॉर्डात चालतात आणि वॉर्डबॉय मामांना गुपचूप तंबाखूचा खर्रा मागतात.

बाबा, तुम्ही संत्र्यावर फवारणी करता तेव्हा नाकाला फक्त गमछा असतो, मला माहीत आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती घरांतली माणसं गेली ते तुम्हीच मला पेपरमधून वाचून दाखवलं होतं. विष नुसतं नाकातून नाही, कातडीतूनही आत जातं. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वारा पाठीकडून पाहिजे, आणि अंगावर उडालं तर कपडे तिथंच काढून साबणानं अंघोळ. हे डॉक्टर म्हणून नाही, मुलगी म्हणून दटावून राहिले.

आता मुद्द्याचं. बाबा, तुमचा तो बीपीचा तक्ता. रोज सकाळी हजेरीपटासारखा व्हॉट्सॅपवर येतो, वरचा आकडा, खालचा आकडा, वेळ, आणि खाली प्रश्न, "गोळी वाढवू का?" वॉर्डात १५०/९४ दिसलं तर मी ते लिहिते, पुन्हा मोजायला सांगते आणि पुढच्या बेडवर जाते. तुमचं १५०/९४ आलं की माझ्या डोळ्यापुढे किडनी, डोळ्याचा पडदा, पॅरालिसिस असं सगळं पुस्तक उघडतं आणि दुसऱ्या मिनिटाला वाटतं, काही नाही, चहा पिऊन मोजलं असेल. कधी जास्त घाबरते, कधी मुद्दाम कमी. अशा डोक्यानं कोणाची गोळी ठरवू नये. आमचे सरही स्वतःच्या आईला दुसऱ्याच डॉक्टरांकडे नेतात. तुमचे वरुडचे डॉक्टर तुम्हाला इतकी वर्षं बघून राहिले, त्यांच्याकडे मागचे सगळे केसपेपर आहेत, ते तुम्हाला समोर बसवून मोजतात. तक्ता त्यांना दाखवा. ते काय म्हणाले ते मला नंतर सांगा, मी फक्त ऐकते.

आणि खरं सांगू, मला ते आवडतही नाही. माझ्या प्रोग्रेस कार्डावर सही करताना चष्म्यावरून बघणारे बाबा आता मला विचारतात, "एक आंबा खाल्ला तर चालेल ना?" आणि आई, तू फोन लावायच्या आधी मेसेज करतेस की मॅडम बिझी आहेत का. गुडघा दुखतो तेही मला मावशीकडून कळलं, पोरीला टेन्शन नको म्हणून लपवलं म्हणे. हॉस्पिटलमध्ये दिवसभर सगळे मॅडम म्हणतात तेवढं पुरे आहे. तू मला ओरड, आधी ओरडायचीस तशी, केस विंचरले नाहीस म्हणून.

दिवाळीचं सांगते म्हणजे आस लावून बसू नका. ड्युटीचा रोस्टर आता मी लावते, हेही जेआर टूचंच काम. दोन्ही जेआर वन पहिल्यांदाच घरापासून लांब आहेत, एक तर पार नांदेडचा, त्यांना सुट्टी दिली आणि लक्ष्मीपूजनाची इमर्जन्सी स्वतःच्या नावावर टाकली. रोस्टर लावणाऱ्यानं स्वतःला आधी सुट्टी घेतली की वर्षभर कोणी ऐकत नाही, हे मी बघितलेलं आहे. भाऊबीज झाली की दोन दिवस येते. नंतर कधीतरी डीआरपीचे, म्हणजे आम्हा निवासी डॉक्टरांना सक्तीचे असतात ते तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे आहेत, कुठला जिल्हा मिळतो ते ठरलं नाही, अमरावती मिळालं तर मात्र डबा घरचाच पाहिजे.

थीसिसचं विचारू नका.

आणि बाबा, आत्या तिचे थायरॉईडचे रिपोर्ट, तिच्या जावेचे रिपोर्ट आणि भिशीतल्या बायकांचे रिपोर्ट रात्री ११ नंतर पाठवते, वर लिहिते "अर्जंट नाही". तिला पण हेच सगळं सांगायचं आहे. ते तुम्ही सांगा, तुमची बहीण आहे, माझी हिंमत नाही.

तुमची,
पिंकी