मेडिक्लेमचं तेवढं बघ

मिरज, रविवार

चि. अनिरुद्ध,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर ‘हल्ली शास्त्रीय ऐकतो कोण?’ असं माझ्या तोंडून निघून गेलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन नुसती बघत राहिली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाची कबर ज्या गावात आहे, तिथल्या माणसाने हे म्हणावं! गाण्यासाठी नोकरीचा राजीनामा दिलास तो दिलास, त्यावर आता बोलणार नाही. फक्त कंपनीचा मेडिक्लेम कोणत्या तारखेपर्यंत चालेल, ते कळव.

ऐकणारे आहेत रे. उरुसात दर्ग्यातल्या सभेला तू माझ्या मांडीवर झोपायचास, तेव्हा आपल्या पुढ्यात सतारमेकर गल्लीतले ते चाचा बसलेले असायचे. जन्मभर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी लावलेला, तारेचा नाद खुलवलेला माणूस. तार जराशी उतरली, की गाणाऱ्याच्या आधी त्यांची मान वळायची. शाळा चौथीपर्यंत. २०२४ साली आपल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. त्यांची मुलं मात्र त्या धंद्यात नाहीत. का नाहीत, ते तुला सांगायला नको.

अप्पा पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला घोंगडी घेऊन जायचे. रात्रभर बसायचे, पहाटे भीमसेनांना ऐकून उठायचे आणि घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत. आता वेळेच्या बंधनामुळे तशा रात्री होत नाहीत. मग ललतसारखा पहाटेचा राग गायचा कधी? आणि तू चाळीस सेकंदांची रील टाकतोस, नुसत्या ताना. अरे, तुझ्या संथ, विलंबित एकतालाचं एक आवर्तनसुद्धा तेवढ्यात मावत नाही! राग सावकाश उलगडत बढत करायला वर्षं घातलीस, ती कुणाला दिसणार? पंधरा हजार लोकांनी बघितलं म्हणालास, त्यातल्या एकाने तरी...

हे बघ, पुन्हा सुरू झालो. राग मानू नकोस. ताईची मनू ती रील बघून ‘मामाचं अख्खं लावा’ म्हणून हटून बसली. मग तुझा तो गेल्या वर्षीचा पूरिया राग लावला. पाच मिनिटांत झोपली, ते सोड. मी शेवटपर्यंत ऐकला. मंद्रातला, खालच्या सप्तकातला निषाद तू असा धरला होतास की चहा गार झाला. हे तुला फोनवर सांगायचं होतं, आणि बोललो भलतंच.

रात्री झोप येत नाही, तेव्हा खाँसाहेबांचा शेवट डोळ्यांपुढे येतो. १९३७ साली पाँडिचेरीला निघाले होते. गाडीतच अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून वाटेत एका लहानशा स्टेशनावर उतरले, आणि तिथेच गेले. केवढा माणूस! तू आता कार्यक्रमांसाठी गावोगाव हिंडणार. आपल्या घरात चाळिशीच्या आत साखर लागते, अप्पांना लागली, मला लागली. तू चौतिसाचा. म्हणून विचारतो. पैशाचं मी म्हणतच नाही.

ताई गुरुवारी पुण्याला येतेय. तिच्याबरोबर कुळथाचं पीठ आणि तुझी जुनी सुरपेटी पाठवतोय. पिठाच्या डब्याखाली एक फॉर्म आहे. पहिल्या वर्षाचा हप्ता मी भरलाय. पेन्सिलीने फुल्या केल्यात, तिथे सही कर.

बाबा