लंडनमधली एक भिंत

महोदय,
लेकीकडे लंडनला पहिल्यांदाच जाणे झाले. राजवाडे, पूल सगळे पाहिले; पण पाय थबकले ते ब्रिक लेनवरच्या मशिदीपाशी. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगेनो प्रोटेस्टंटांनी १७४३ मध्ये बांधलेले हे चर्च. पुढे ते मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे गेले, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाले आणि १९७६ पासून बंगाली मुसलमानांची मशीद. पहिल्या मंडळींचे सूर्यघड्याळ मात्र सालासकट वर भिंतीवर तसेच आहे. नंतर आलेल्या कुणीही ते खरवडून काढले नाही, याचे फार अप्रूप वाटले. जवळच्या व्हाइटचॅपल स्थानकावर बंगालीतही पाटी आहे. लंडनला जाणारे आपले लोक किंग हेन्रीज रोडवरचे डॉ. आंबेडकरांचे घर पाहतातच. त्यांनी ही गल्लीही जरूर पाहावी.

– एक वाचक, सातारा