अबुसा, खिडक्या खाली घेतल्यात म्हणून

आदरणीय अबुसा,

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला ते मलाच वाचून दाखवावं लागणार, तेही इथल्या चिचेवा भाषेत, माझ्या मोडक्यातोडक्या. चालेल. पण हे माझ्या माणसांनीही वाचायला हवं (त्यांच्यासाठी सांगते, अबुसा म्हणजे इथल्या भाषेत पाद्री). नाशिकहून फोन आला की आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "त्या मिशनवाल्यांच्या नादी कशाला लागलीस? बाटवतील हो!" तिला दर वेळी तुकड्यातुकड्यांत सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

मलावीतल्या चिरादझुलू जिल्ह्यातल्या आपल्या वस्तीतली बालवाडी तशी जुनी. कच्च्या विटा, मातीचा गारा, वर गवत. मार्च 2023 मध्ये फ्रेडी आलं. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जन्मलेलं हे चक्रीवादळ अख्खा हिंदी महासागर ओलांडून, पाच आठवडे जगून मलावीच्या दक्षिण भागावर येऊन बसलं. ब्लँटायरला सोचे डोंगराच्या पायथ्याची घरं चिखलादगडांखाली गेली. देशात हजाराहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. तिथे एक बालवाडी विरघळली याची दखल कोण घेणार? पोरं मात्र सकाळी आपापली प्लास्टिकची वाटी घेऊन आंब्याखाली येतच राहिली, कारण मका-सोयाच्या पिठाची पेज तिथेच मिळायची.

मग मदत आली. म्हणजे गाड्या आल्या. एका संस्थेने आधी फलक उभारला आणि मग जोतं घातलं. नोव्हेंबर 2023 मध्ये क्वाचा या इथल्या चलनाचं 44 टक्के अवमूल्यन झालं, सिमेंट आवाक्याबाहेर गेलं आणि ठेकेदार "सुधारित बजेट आलं की येतो" असं सांगून गेला तो गेलाच. जोत्यावर गवत वाढलं. फलक तेवढा ठणठणीत राहिला, त्याच्या पायाला काँक्रीट व्यवस्थित घातलं होतं ना! आमच्या शहरातल्या काही दानशूरांनी पुठ्ठ्याचा भलामोठा चेक धरून फोटो काढून घेतला. खरा चेक अजून वाटेत असावा. त्या पहिल्या इमारतीचा नकाशा मी पाहिला होता. खिडक्या थेट पत्र्याखाली, गोदामाला असतात तशा. का, तर चोरी होऊ नये. चोरणार काय होते, पेजेचं पातेलं?

तुम्ही आलात ते जुन्या पिकअपमधून. मागे ब्लॉक दाबायचं हाताचं यंत्र आणि दोन गवंडी. आधी म्फुमूंच्या, म्हणजे गावप्रमुखांच्या, अंगणात जाऊन बसलात, मग बायकांशी बोललात, आणि मग सरबताच्या रिकाम्या बाटलीत तिथलीच माती आणि पाणी घालून ती हलवून ठेवलीत. मी बाटलीकडे बघत बसले. वाळू झटकन खाली बसली, चिकणमाती मात्र वर बराच वेळ गढूळ तरंगत राहिली. त्या थरांवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "चालेल, पण वाळू थोडी वाढवावी लागेल." तुमची तेवढीच प्रयोगशाळा. इथल्या मातीत शंभराला पाच ते दहा भाग सिमेंट, यंत्रात दाब, मग गवताखाली झाकून काही आठवडे पाणी मारायचं. भट्टी नाही. भाजक्या विटा मजबूत असतात हे गावात पोरालाही ठाऊक आहे, पण त्या भाजायला झाडं तुटतात, आणि बोडक्या डोंगराची माती कुठे जाते ते फ्रेडीने दाखवलंच होतं. तुम्ही त्यावर प्रवचन दिलं नाहीत. डोंगराकडे नुसता हात केलात.

तो दुष्काळाचा हंगाम होता. मका उभा करपला. मार्च 2024 मध्ये सरकारने 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. अशा वेळी "गावाने श्रमदान करावं" असं सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि ते सांगताना त्यांचं पोट भरलेलं असतं. तुम्ही यंत्राचा दांडा ओढणाऱ्या प्रत्येक बाईला दिवसाचं मक्याचं पीठ दिलंत, आणि तेही फोटो न काढता.

पण मला लिहायचंय ते खिडकीबद्दल.

भिंती माझ्या छातीपर्यंत आल्या होत्या. गवंड्याने खिडकीच्या तळाची खूण तिथेच केली होती, सगळीकडे करतात तशी. तुम्ही विचारलंत, "इथे बसणार कोण?" उत्तराची वाट न बघता आंब्याखालून एका चार वर्षांच्या मुलीला बोलावलंत, मुरमावर चटई टाकून तिला बसवलंत, आणि मग गवंड्याच्या खांद्याला धरून, तो आखडलेला गुडघा सांभाळत, स्वतः तिच्याशेजारी खाली बसलात. किती वेळ लागला तुम्हाला खाली बसायला! मग तिच्या डोळ्यांच्या रेषेत मान आणून समोर बघितलंत आणि तिला विचारलंत, "काय दिसतंय?"

"भिंत," ती म्हणाली.

तुम्ही हसला नाहीत. "बरोबर," म्हणालात, आणि गवंड्याला थर उतरवायला सांगितलंत. तो कुरकुरला. झडपा तयार होत्या, माप बदललं की सुताराला परत फळ्या जोडायला लागणार होत्या, आणि तुमच्या मंडळाचं बजेट काही फार ऐसपैस नव्हतं, हे मला माहीत होतं. पण ब्लॉक एकमेकांत अडकवलेले होते, मधे सिमेंटचा गारा नव्हता, त्यामुळे एकही न फुटता खाली आले. चटईवर बसलेल्या पोरीला बाहेरचा आंबा दिसेल इतके थर काढलेत. गवंडी म्हणाला, "अजून एक काढू?" तुम्ही तिला विचारलंत, त्याला नाही.

त्या मुलीचं घर फ्रेडीत गेलं होतं. आंब्याखाली वर्ग भरायचा तेव्हा नुसतं आभाळ भरून आलं तरी ती माझ्या चितेंजेत (कमरेला गुंडाळतात त्या कापडात) तोंड खुपसून बसायची. गेल्या पावसाळ्यात नव्या खोलीत पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी तिलाच बघत होते. ती उठली, खिडकीशी गेली, पाणी कुठपर्यंत आलंय ते बघून आली आणि मला सांगितलं, "वाटेपर्यंतच आलंय." थोड्या वेळाने परत बघून आली. तिचा तो पाहणीदौरा पाऊस संपेपर्यंत चालला होता. खिडकी छातीच्या उंचीवर राहिली असती तर तिला फक्त पत्र्यावरचा आवाज ऐकू आला असता.

इमारत बांधणारे पुष्कळ असतात, अबुसा. मजबूत बांधणारेही असतात, आणि तुमचंही काम मजबूत आहेच. भिंतींच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा बीम, त्यात आधीच रोवून ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी बांधलेल्या छपराच्या कैच्या, चारही बाजूंनी उतरतं छप्पर, भिंतींवर पाणी येऊ नये म्हणून रुंद ओसरी. ते सगळं आलंच. पण ज्याच्यासाठी बांधायचं त्याच्याशेजारी गुडघा दुखत असताना खाली बसून बघणारा माणूस मी तरी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता, इथेही नाही आणि आमच्याकडेही नाही. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी अंगणवाड्यांतून मी लहानपणापासून गेले आहे. आता आठवायला बसले की आधी खिडक्याच आठवतात, आणि त्या सगळ्या उंचावर.

तुळईला हुक ठेवलात तोही तुमचाच. महिन्यातून एकदा नर्सताई येतात तेव्हा पाच वर्षांखालच्या बाळांचं वजन करायचा काटा त्यालाच अडकवतात. आधी तो आंब्याच्या फांदीला टांगायचे आणि वारा आला की बाळासकट झोका घ्यायचा. रविवारी तिथेच तुमची उपासना होते, सोमवारी आमची गाणी होतात, आणि कुणाची मयत झाली की गाव तिथेच बसतं.

आता आत्यासाठी. आत्या, वर्गात याओ जमातीच्या मुसलमानांची पोरं आहेत, माझ्यासारखी गणपती बसवणारी बाई शिकवायला आहे, आणि अबुसांनी आजवर कुणाला "आमच्यात या" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मिशनचा इतिहास धुतल्या तांदळासारखा नाही, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. चिरादझुलूतच म्बोम्ब्वेला जॉन चिलेम्ब्वे नावाच्या काळ्या पाद्र्याने आपल्या माणसांच्या हातांनी विटांचं मोठं चर्च बांधलं होतं. मळेवाल्या गोऱ्यांच्या जुलमाविरुद्ध तो 1915 मध्ये उठला, मारला गेला, आणि सरकारने ते चर्च सुरुंग लावून उडवलं. ते मिशन 1926 मध्ये डॉ. डॅनियल मालेकेबूंनी पुन्हा सुरू केलं आणि चर्चही परत उभं राहिलं. आज चिलेम्ब्वेचा चेहरा इथल्या नोटांवर आहे. हे सांगताना तुम्ही म्हणाला होतात, "गोऱ्यांचाही देव तोच होता, हे आम्हाला फार दिवस कोडं होतं." मी नाशिकची म्हटल्यावर तुम्हीच मला चुमाची गोष्ट सांगितलीत. गुलामांच्या तांड्यातून 1861 मध्ये सुटलेला हा मुलगा आपल्याच जिल्ह्यातल्या मागोमेरोच्या मिशनवर राहिला, आफ्रिकेत शोध घेत फिरणाऱ्या लिव्हिंग्स्टनबरोबर मुंबईला गेला, आणि तिथे विल्सनसाहेब मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला. मग मी तुम्हाला आमचा शरणपूर रोड सांगितला. तिथल्या मिशनमध्ये सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांना सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे, आणि त्यांच्यातलेच काही 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वस्ती वसवायला गेले. मी त्या रस्त्याने कॉलेजला जायचे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही.

तुमचे आभार मानायचे तर तुमच्यापुरते मानता येत नाहीत. ब्लॉकवर पाणी मारणारी म्हातारी, कुरकुरत पण ओळंब्यात काम करणारे गवंडी, जादा फळ्यांचे पैसे न घेतलेला सुतार, हे सगळे आभाराचे धनी आहेत. चांगुलपणाही लागण झाल्यासारखा पसरतो का काय कोण जाणे. पुठ्ठ्याच्या चेकवाल्यांपैकी एकाने परवा गुपचूप पन्हळीचे पत्रे पाठवले. नाव सांगू नका म्हणाला. ऐकून मला हसूच आलं.

तर कामाचं बोलते. पत्रे पडवीत ठेवलेत, नोव्हेंबरच्या पावसाआधी पन्हळ लागायला हवी. उताराला तुम्ही लावलेलं वेटिव्हर गवत दाट झालंय. त्याची मुळं उकरून हुंगली तर आमच्या माठातला वाळाच निघाला, म्हणून चार काड्या मी पाण्यात टाकायला नेल्या आहेत, रागावू नका. पलीकडच्या गावच्या बायका यंत्र कधी मिळणार म्हणून विचारताहेत. त्यांच्या बाटलीतली माती फारच चिकण दिसते, वाळू कुठून आणायची ते तुम्हीच येऊन सांगा. शनिवार जमणार नसेल तर निरोप म्फुमूंना द्या, मला नको, नाहीतर ते रुसतात. आणि या खेपेला न जेवता गेलात तर चालणार नाही. वरणभात करीन, तिखट कमी.

आपली,
बालवाडीतली नाशिकची मायी
ब्लँटायर, मलावी