43 फूट म्हणजे कुणाच्या दारात?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात 'जिल्ह्याचा आपत्ती आराखडा सज्ज' ही बातमी वाचली. बोटी सज्ज, लाइफ जॅकेट सज्ज, नियंत्रण कक्ष चोवीस तास सज्ज. फोटोत टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा सज्ज दिसल्या. बरं वाटलं. फक्त शेवटची ओळ वाचून चहा कडू झाला : 'नागरिकांनी पाणी पातळीकडे लक्ष ठेवावे.'

ठेवतोच की! पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरातल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पण बंधारा कसबा बावड्यात, मी शाहूपुरीत. तिथं 43 झाले म्हणजे माझ्या उंबऱ्याला किती, हे तुमच्या बातमीत नाही, त्या आराखड्यात असेल तर आमच्यापर्यंत आलेलं नाही. सुतारवाड्याचं पाणी वेगळ्या फुटाला, दुधाळीचं वेगळ्या, व्हीनस कॉर्नरचं आणखी वेगळ्या. सुतारवाड्यातली माणसं दरवेळी गाठोडं बांधून चित्रदुर्ग मठात जातात, कारण त्यांना स्वतःचा फूट माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांचं काय होतं, ते माझ्यावरूनच सांगतो.

माझी पिठाची गिरणी आहे. 5 ऑगस्ट 2019, सोमवार, नागपंचमी. आदल्या दोन दिवसांत दळण चिक्कार आलेलं, एकतीस डबे रांगेत. शेजारचे कुंभारमामा सकाळपासून गणपतींचे साचे माळ्यावर चढवत होते. मला म्हणाले, "नाल्याचं पाणी थांबलंय. मोटर काढ." मी म्हटलं, मामा, नदी कुठं, आपण कुठं? तरी मनात चुकचुकलं म्हणून एका कार्यालयात फोन लावला. नाव घेत नाही, त्यांनी तरी माझं कुठं विचारलं? पलीकडचे साहेब फार गोड बोलले. तुमचा भाग नदीपासून लांब आहे, घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका.

त्यांच्या भाषेत अफवा म्हणजे कुंभारमामा.

पाणी नदीकडून आलंच नाही. जयंती नाल्यातून आलं. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, आधी जागच्या जागी थांबतं आणि मग नदीच उलटी नाल्यातून वर चढते. ही फूग. समोर नदीकडं तोंड करून बसावं आणि पाणी मागच्या मोरीतून यावं, असा प्रकार. रात्री उठलो तेव्हा जातं बुडालेलं, मोटरीचं नुसतं कव्हर वर, आणि दळणाचे डबे तरंगत दाराबाहेर निघालेले. एकतीसपैकी नऊ सापडले. नऊ नंबर गल्लीतल्या एक काकू आजही बाजारात भेटल्या की म्हणतात, "माझा स्टीलचा डबा, झाकणाला कडी होती बघ." इतकी वर्षं झाली तरी म्हणायच्या थांबल्या नाहीत. मोटरीची भरपाई, पंचनामा वगैरेबद्दल लिहीत नाही, तुम्हाला पुरवणी काढावी लागेल.

पाणी उतरल्यावर मी भिंतीवर लाल ऑइलपेंटनं रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : 2019. कोपऱ्यावरच्या सरकारी भिंतीवरही कुणीतरी तशीच रेघ मारली होती. जुलै 2021 ला मामांनी नुसती हाक मारली, मी एक प्रश्न न विचारता मोटर उचलली. त्या वेळी बंधाऱ्यावर पाणी 56 फुटांवर गेलं, म्हणजे 2019 च्याही वर. माझी दुसरी रेघ पहिलीच्या वर आहे. येऊन बघा, चहा पाजतो.

कोपऱ्यावरची रेघ मात्र बघायला मिळणार नाही. मध्यंतरी शहर सुंदर करायची मोहीम निघाली आणि त्या भिंतीवर कमळं, मोर आणि 'स्वच्छ शहर, सुंदर शहर' रंगवून गेले. रंगाऱ्याला म्हटलं, बाबा, तेवढी रेघ ठेव. तो म्हणाला, डाग आहे तो, वरून झाकायला सांगितलंय. आता त्या जागी मोराचं पोट आहे. गल्लीत नवीन आलेला भाडेकरू मोर बघतो आणि तळमजल्यावर फ्रिज ठेवतो.

बोटी घ्या, जरूर घ्या. पण बोट लागते ती पाणी आल्यावर. पाणी यायच्या आधी रंगाचा एक डबा आणि एक ब्रश लागतो. दर चौकातल्या खांबावर लिहा : 'राजाराम बंधारा अमुक फूट झाला की इथं पाणी.' आकडे कुठून आणायचे, असं कुणी म्हणू नये. प्रत्येक गल्लीत एक कुंभारमामा आहे. बैठकीला एखाद्या वेळी त्यांना बोलवा, बाटलीतलं पाणी नाही दिलं तरी चालेल.

आता तुमच्याबद्दल. दरवर्षी तुम्ही 'राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले' असं मोठ्या अक्षरात छापता. प्रत्येक दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, हेही छापता. धरणाला सात दरवाजे, म्हणजे जवळजवळ दहा हजार. पण क्युसेक घेऊन मी काय करू, दळू? ते पाणी भोगावतीतून प्रयाग चिखलीला आणि तिथून शहराला किती तासांनी येणार, तेवढं एका ओळीत छापा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर तुम्ही अर्धं पान देता, त्यातला एक कोपरा आमच्या नाल्याला द्या. आणि ते ड्रोनमधून काढलेले 'पंचगंगेचे विहंगम रूप' कृपा करून बंद करा. ते बघूनच शिवाजी पुलावर पूर बघायला जत्रा भरते, कणसं भाजली जातात, आणि सामान हलवणाऱ्या टेम्पोला वाट मिळत नाही. त्या विहंगम रूपात एक गिरणी होती.

जाता जाता : मागच्या पावसाळ्यात याच विषयावर पत्र पाठवलं होतं. ते छापलंत, आभार. पण नाल्याचा परिच्छेद कापून वर मथळा दिलात 'पूरग्रस्तांना मदत मिळावी'. मी मदत मागितलीच नव्हती. या वेळी कापायचंच असेल तर काकूंचा डबा कापा, नाला ठेवा.

आपला,
एक गिरणीवाला
शाहूपुरी, कोल्हापूर