सेक्रेटरीसाहेब, आभार मानायचे राहून गेले होते

आदरणीय सेक्रेटरीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गोल्फ सोसायटीच्या वार्षिक जेवणात तुमचे आभार मानले जातात, पण तेव्हा सगळ्यांचा डोळा बक्षिसांवर असतो आणि कार्यक्रम दोन मिनिटांत उरकतो. म्हणून हे पत्र, सगळ्यांनी वाचावं असं.

आवडतं मैदान कोणतं, हा वाद आपल्यात कधी मिटायचा नाही. पण वाद घालण्याजोगी ही स्कॉटलंडमधली मैदानं आपल्या वाट्याला आली कशी, ते कुणी विचारत नाही. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स घ्या. मैदान सार्वजनिक आहे, तरी तिथे खेळायचं तर बहुतेकांना सोडतीत नाव घालावं लागतं, आणि रविवारी तर खेळ बंदच. तुम्ही मुक्कामच असा आखलात की एका दिवशी नाव निघालं नाही, तर दुसऱ्या दिवशीची सोडत हातात असावी आणि मधला दिवसही फुकट जाऊ नये. नाव निघालं! सतराव्या होलला, म्हणजे मैदानाच्या सतराव्या टप्प्यावर, पहिला फटका हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून मारायचा, चेंडू कुठे पडणार ते दिसत नाही. तिथे एरवी बडबड करणारी मंडळीही उगाच हातमोजा नीट करत उभी होती.

तरी माझं मत नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सला. तिथल्या तेराव्या होलला ग्रीनच्या, म्हणजे झेंडा आणि खड्डा असलेल्या गुळगुळीत हिरवळीच्या, ऐन पुढ्यात बुटकी दगडी भिंत आहे. माझ्या जोडीदाराचा चेंडू तिला असा चिकटून थांबला, की बिचाऱ्याला झेंड्याकडे पाठ करून उलट्या दिशेने मारावा लागला. आजच्या कुठल्याही आर्किटेक्टने ती भिंत पहिल्या दिवशी पाडली असती. पुढे पंधराव्या होलला ‘रेडान’. जगभर नक्कल झालेलं हे होल. चेंडू झेंड्यावर टाकायचा नाही, उजव्या अंगाला टाकायचा आणि उताराला त्याचं काम करू द्यायचं. हे तुम्ही आम्हाला टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहून समजावलंत, म्हणून काहींना तरी जमलं.

कार्नुस्टीला मात्र तुम्ही आमची अब्रू वाचवलीत. 1999च्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धेत, फ्रान्सचा ज्याँ व्हान द वेल्द तीन फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या होलवर आला, बॅरी बर्न या ओढ्याच्या पाण्यापर्यंत जाऊन पोचला आणि सात फटके घेऊन बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हरला. तिथे आमच्यासारख्यांनी एकेक फटका मोजत बसायचं? तुम्ही मेडलचा, म्हणजे सगळे फटके मोजण्याचा, आग्रह मोडून होलगणिक गुण देणारी स्टेबलफर्ड पद्धत लावलीत. बिघडलेल्या होलचा शून्य घ्यायचा, चेंडू उचलायचा, पुढे चालायचं. डॉ. स्टेबलफर्ड यांनी 1932मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसीला ही पद्धत वापरात आणली, त्यांचेही आभार मानायला हवेत. आणि मागच्या टीवरूनच खेळायचा हट्ट धरणाऱ्यांना तुम्ही गोड बोलून पुढे आणलंत, ही तर वेगळीच कला.

प्रेस्टविकबद्दल थोडक्यात लिहितो. 1860ची पहिली ओपन तिथे झाली, आठ खेळाडू, बारा होलच्या तीन फेऱ्या, सगळं एका दिवसात. आपल्यातल्या काहींची एक फेरी संपायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यांना सर्वांत शेवटचा टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, देण्याची तुमची हुशारी सगळ्यांच्या लक्षात आली आहे, फक्त त्यांच्या नाही.

ब्रोराला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यात मोठा विरोध माझाच होता. गुरंमेंढरं चरतात तिथे कशाला, असं मी सभेत म्हणालो होतो. तुम्ही वाद घातला नाहीत, नुसतं बुकिंग केलंत. गुरांनी आत शिरू नये म्हणून ग्रीनभोवती विजेची तार होती आणि पटर (ग्रीनवर वापरायची काठी) हातात घेऊन ती जपून ओलांडावी लागत होती. घरच्यांना मी सर्वांत जास्त किस्से ब्रोराचेच सांगतो.

पुढच्या मोसमात रॉयल डॉर्नॉक व्हावं असं बरेच जण म्हणतायत. गोल्फची मैदानं आखणाऱ्या डोनाल्ड रॉसचं गाव, उपड्या बशीसारखी ग्रीन्स, आमच्या चिपिंगची, म्हणजे ग्रीनजवळून चेंडू हलकेच उचलून टाकण्याची, पुरती परीक्षा. पण यादी तुम्हीच ठरवा, मतदान वगैरे नको. सभासदांच्या हँडिकॅपची, म्हणजे खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्यांची, माहिती या वेळी मी गोळा करून पाठवतो. तेवढं एक काम तरी तुमच्या डोक्यावरून उतरू दे.

आपला,
सोसायटीचा एक सभासद