गाईडचेही नाव छापायचे

सोलापूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पुण्यातल्या तुझ्या गिर्यारोहक मित्रांनी "कंपनीच्या गाईडने वर नेले, त्यात तुझे काय?" असे विचारले आणि तेव्हापासून आफ्रिकेतले किलिमांजारो शिखर सर केल्याविषयी कोणाशी बोलावेसेच वाटत नाही, असे तू लिहिलेस. इकडे मंडळाच्या मुलांनी सात रस्ता चौकात तुझा फ्लेक्स लावायचे ठरवले असून त्याचा मजकूर छपाईसाठी आपल्याच दुकानात आला आहे. तू गप्प राहणे आणि गावाने गाजावाजा करणे, या दोन्हींविषयी मला जे वाटते ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गाईड बरोबर होता याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. किलिमांजारोवर परवानाधारक गाईडशिवाय जाण्यास तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची परवानगीच नाही. शिवाय गिर्यारोहणाचा इतिहास पाहिलास तर तो गाईडांच्या पाठबळावरच उभा आहे. आल्प्समधल्या शामोनी गावात गाईडांची संघटना १८२१ साली स्थापन झाली. १८६५ साली इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर तिथल्याच मॅटरहॉर्न शिखराच्या माथ्यावर पोहोचला तेव्हा त्या सात जणांमध्ये तीन गाईड होते, आणि उतरताना जे चौघे कोसळले त्यांत मिशेल क्रोझ हा गाईडही होता. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे सामान पायथ्याकडे नेण्यासाठी साडेतीनशेहून अधिक हमाल राबले होते. एकट्याच्या बळावर झालेली चढाई ही पूर्वीही फार दुर्मीळ गोष्ट होती.

तरीही तुझ्या मित्रांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते तू रागावून झटकून टाकू नयेस. किलिमांजारोच्या नेहमीच्या वाटेवर दोर लागत नाही; तिथे कसोटी लागते ती ५,८९५ मीटरवरच्या विरळ हवेत शरीर तग धरते की नाही याची. किती वेगाने चालायचे, कुठे थांबायचे, कोणाला परत पाठवायचे, हे तुझ्या वतीने दुसऱ्याने ठरवले. सह्याद्रीतल्या लिंगाण्याच्या सुळक्यावर सर्वांत पुढे राहून दोर नेणारा मुलगा हे सगळे स्वतः ठरवतो आणि चुकले तर त्याचा पहिला फटका त्यालाच बसतो. त्याचे कौशल्य वेगळे आहे आणि ते मोठे आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. पैसे देऊन निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवण्यात एक धोकाही असतो. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर वादळात सापडून आठ जण गेले, त्यांत रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन व्यावसायिक तुकड्यांचे अनुभवी प्रमुख होते. परत फिरण्याची वेळ टळून गेल्यावरही त्या दिवशी माणसे वर चढतच राहिली होती. ज्याने मोठी रक्कम मोजली आहे त्याला शिखर समोर दिसत असताना "आता मागे वळ" असे सांगणे भल्याभल्या गाईडलाही जड जाते, असे मला त्या प्रसंगाविषयी वाचताना वाटले.

म्हणूनच फ्लेक्सचा मजकूर पाहून मी अस्वस्थ झालो. तू पाठवलेल्या मूळ फोटोत शिखरावरच्या पाटीजवळ तुझ्या शेजारी तुझा गाईड उभा आहे आणि त्याचा हात तुझ्या खांद्यावर आहे. डिझाईन करणाऱ्या मुलाने त्याला कापून मागे निळे आकाश भरले होते, पण तुझ्या खांद्यावर काळ्या हातमोज्याची दोन बोटे तशीच राहिली होती. ती बोटे मला स्क्रीनवर मोठी करून पाहावी लागली, तेव्हा कुठे ती कोणाची आहेत हे ध्यानात आले. खाली मजकूर होता, "सोलापूरची पहिली गिर्यारोहक कन्या". अशी यादी कोणी ठेवलेली नाही, मग पहिली कशावरून? इतकी वर्षे मी लोकांचे अभिनंदनाचे फलक छापत आलो आहे. त्यावर एकदा आलेली ओळ गावाच्या तोंडी बसते आणि नंतर कोणी कितीही सांगितले तरी पुसली जात नाही.

फलकांनी काय होते हे तेनसिंग आणि हिलरी यांनाही भोगावे लागले. एव्हरेस्टहून परतताना काठमांडूत त्यांच्या स्वागताला जी चित्रे लावली होती, त्यांत तेनसिंग अर्धमेल्या हिलरीला दोराने ओढून वर नेत असल्याचे दाखवले होते. आधी पाऊल कोणाचे, यावरून असा गदारोळ उठला की दोघांना जवळजवळ एकाच वेळी पोहोचल्याचे लेखी निवेदन द्यावे लागले. पुढे १९५५ साली, आधी हिलरी पोहोचला, हे तेनसिंगने आपल्या आत्मकथनात स्वतःहून सांगून टाकले. मला या माणसाचा मोठेपणा त्या सांगण्यात दिसतो. आल्प्समध्ये उलट घडले. माँ ब्लाँ शिखरावर १७८६ साली शामोनीतले डॉ. पकार आणि स्फटिक शोधणारा जाक बाल्मा हे दोघे बरोबरीने चढले, पण बाल्माची बाजू घेणारे लिखाण आधी छापले गेले. पकारने स्वतःचा वृत्तांत छापणार असल्याचे जाहीर केले होते, तो मात्र कधी प्रसिद्धच झाला नाही. शामोनीत बाल्माचा पुतळा १८८७ साली उभा राहिला. पकारच्या पुतळ्याला १९८६ साल उजाडावे लागले.

प्रसिद्धीच मुळी वाईट, असे मी म्हणत नाही. चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यांनी आणि तुझ्या शाळेने पदरचे पैसे घातले, त्यांना हिशेब आणि वृत्तांत मिळालाच पाहिजे. पण तो खराच असावा. २०१६ साली पुण्यातल्या एका दांपत्याने एव्हरेस्टवरचे बनावट फोटो दाखवून शिखर गाठल्याचा दावा केला, पुढे नेपाळ सरकारने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या प्रामाणिक गिर्यारोहकांकडेही लोक काही काळ संशयाने पाहू लागले. काठमांडूत एलिझाबेथ हॉली नावाच्या पत्रकार बाईंनी स्वतः कधीही शिखर न चढता, मोहिमेहून येणाऱ्यांना खोदून खोदून विचारून अनेक दशके नोंदी ठेवल्या. कोणत्या वाटेने, कोणासोबत, कृत्रिम प्राणवायू घेऊन की न घेता, हे त्या विचारत. २०१८ मध्ये त्या गेल्या. तुझा वृत्तांत त्यांनी तपासायला घेतला असता तर एकही शब्द बदलावा लागू नये, असा तो लिही. गाईडचे आणि ओझे वाहणाऱ्यांचे नाव अचूक अक्षरांत मला कळव. "पहिली" हा शब्द मी काढला आहे आणि मूळ फोटो परत जोडला आहे. मंडळाच्या मुलांना मी समजावले, आणि सांगितल्यावर त्यांना ते पटले.

आता तू एव्हरेस्टचा विचार करते आहेस. नुसता परवानाच १५,००० डॉलरचा झाला आहे. तो खर्च उभा करता येईलही. पण एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात शिड्या आणि दोर लावणारे शेर्पा काय पत्करतात ते आधी जाणून घे. १८ एप्रिल २०१४ रोजी त्याच टापूत हिमस्खलनात १६ नेपाळी कामगार गेले. त्यांनी लावलेल्या दोराला जुमार, म्हणजे दोरावरून वर सरकणारी पकड, अडकवून वर जायचे असेल, तर निदान तो दोर, ती गाठ आणि ते बर्फ तुला स्वतःला ओळखता आले पाहिजे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हेच शिकवते. आधी तिथला बेसिक कोर्स कर, मग अ‍ॅडव्हान्स. तोपर्यंत एव्हरेस्टसाठी एकाही दात्याकडे जाऊ नकोस आणि कोणाला तारीखही सांगू नकोस. फी मी भरीन. अर्ज या आठवड्यातच कर, आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना मिळाला की इकडे पाठव. तपासण्या आपल्या डॉक्टरांकडे करून घेऊ. तुझ्या आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी पार्सलने पाठवली आहे.

तुझे,
अण्णा